पंडिता रमाबाई : न मिळवितां मिळालेलें नीतिमत्त्व

छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, ह्या शहराच्या छावणीपलीकडे दौलताबादेच्या वाटेवर पडेगांव आहे. गेल्या पावसाळ्यांत तेथील एका वृद्ध भगिनीच्या समाचारास आम्ही गेलों होतों. ती फार दिवस अंथरुणास खिळलेली होती. उपासनेस येणें तिला अशक्य झालें होतें, दान देण्यास हातीं पैका उरला नव्हता, आणि लिहितां वाचतां तर तिला कधींच येत नव्हतें. प्रार्थना करून आम्ही निघतों तों तिनें विचारिलें कीं, आतां आपल्या हातून कांहींच होत नाहीं, तर देव आपणांस कशाच्या जोरावर जवळ करील? तिला धीर द्यावा म्हणून आम्हीं तिच्या पूर्वींच्या सत्कृत्यांची तिला आठवण दिली. मंडळीची केलेली सेवा, मुलांस लाविलेलें प्रार्थनेचें वळण, दुखणेकऱ्यांच्या उशाशीं जागून काढिलेल्या रात्री, हें सर्व आम्हीं एकामागून एक सांगितलें. तिनें तें ऐकून घेतलें. परंतु तिच्या मुखावरची चिंता गेली नाहीं. उलट, न केलेल्या गोष्टी तिला आठवूं लागल्या, आणि त्यांची यादी आमच्या यादीहून लांब निघाली.

घरीं परततांना आमच्या ध्यानांत आलें कीं, पाळक असूनही आम्हीं तिला शुभवर्तमान सांगितलें नाहीं. जमाखर्च मात्र वाचून दाखविला. ती विचारीत होती तो प्रश्न जुना व मोठा आहे. पवित्र देवाच्या न्यायासनापुढें पापी मनुष्य नीतिमान कसा ठरेल? हें नीतिमत्त्व मजुरीप्रमाणें दिवसभर राबून कमवावयाचें आहे, कीं दानाप्रमाणें रित्या हातांनीं घ्यावयाचें आहे? त्या रात्रीं आम्हांस पंडिता रमाबाईंचें चरित्र आठवलें. पुढच्या भेटींत आम्हीं त्या भगिनीस तेंच सांगितलें, आणि आज तें वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाहीं.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं एप्रिल महिन्यांत सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ नांवाच्या ठिकाणीं झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे मोठे विद्वान् होते. आपल्या पत्नीस संस्कृत शिकवावें अशी त्यांची इच्छा. तिच्यामुळें स्वजनांचा रोष पत्करून ते रानांत आश्रम बांधून राहिले. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई ही अवघी नऊ वर्षांची असतांना तिच्या पित्यानें गोदावरीच्या तीरीं यात्रेनिमित्त भेटलेल्या ह्या अनोळखी विद्वानास तिला दिली होती. हीच गोदा आपल्या पैठणावरून वाहते. पुढें ह्याच मातेनें भल्या पहाटे, घरकामास लागण्यापूर्वीं, आपल्या लहानग्या रमेस मांडीवर घेऊन संस्कृत श्लोक शिकविले. थोड्याच वर्षांत भागवतपुराणाचे हजारों श्लोक त्या मुलीच्या मुखीं बसले.

रमाबाई सहा महिन्यांच्या असतां गंगामूळचें घर सुटलें. आल्यागेल्या यात्रेकरूंच्या आदरातिथ्यांत शास्त्रीबोवांची मालमत्ता सरली. वेताच्या पेटींत घालून त्या तान्ह्या मुलीस डोंगराखालीं उतरविण्यांत आलें, आणि त्या दिवसापासून हें कुटुंब एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थास पायीं फिरूं लागलें. पवित्र मानिलेल्या नदींत स्नान करावें, देवदर्शन घ्यावें, देवळाच्या ओवरींत बसून पुराण वाचावें, श्रोते जें धान्य अथवा पैसा ठेवतील त्यांतून निर्वाह करून उरलेलें दानधर्मास लावावें, असा त्यांचा क्रम असे. पुराण वाचल्यानें पाप झडतें व पुण्य सांठतें, असा त्यांचा दृढ समज होता. ह्या निष्ठेंत ढोंग नव्हतें, हें आम्ही मुद्दाम नमूद करितों. मनुष्याच्या हातून जितकें होण्यासारखें आहे तितकें ह्या घरानें केलें. कर्मांनीं कोणास शांति लाभावयाची असती, तर ती ह्याच घरास लाभती.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत दुष्काळाची छाया पडली. शास्त्रीबोवांची दृष्टि गेलेली होती, शरीर थकलें होतें. मोलमजुरी त्या घरास कधीं शिकविलेली नव्हती, आणि भीक मागण्याची लाज वाटे. दागिने विकले, वस्त्रें विकलीं, शेवटीं तांब्यापितळेचीं भांडीं विकलीं. जो पैसा आला त्यांतला पुष्कळसा देव प्रसन्न व्हावे म्हणून अनुष्ठानांत व ब्राह्मणभोजनांत खर्ची पडला. अखेरीस पाणी, झाडाचा पाला व थोडा रानखजूर ह्यांवर दिवस काढण्याची पाळी आली. प्रथम वडील गेले, मागोमाग माता गेली, नंतर वडील बहीण पटकीनें गेली. आईची तिरडी उचलण्यास माणसें मिळेनात. दोघां ब्राह्मणांस दया आली. तिसरा खांदा भावाचा आणि चौथा रमाबाईंचा. त्या ठेंगण्या असल्यामुळें त्यांस तें ओझें खांद्यावर घेतां येईना, म्हणून त्यांनीं तें डोक्यावर घेतलें, आणि दूरचें स्मशान गांठलें.

उरलीं दोघें बहीणभावंडें, श्रीनिवासशास्त्री आणि रमा. हीं दोघें हजारों मैल पायीं हिंडलीं. पंजाबांत झेलम नदीच्या तीरीं कडाक्याच्या थंडींत अंगावर घेण्यास कांहीं नव्हतें, तेव्हां वाळूंत दोन खड्डे खणून, गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून त्यांनीं रात्र काढिली. इतक्या हालांतही व्रतें व उपवास त्यांनीं सोडिले नाहींत. परंतु मनांत एक प्रश्न मूळ धरूं लागला होता. आईबापांनीं देवांस काय द्यावयाचें राहूं दिलें होतें? आणि जर कांहीं राहिलें नव्हतें, तर त्यांच्या मनास शांति कां मिळाली नाहीं?

१८७८ सालीं हीं भावंडें कलकत्त्यास पोंहोंचलीं. तेथील पंडितांनीं रमाबाईंची परीक्षा घेतली व त्यांच्या विद्वत्तेनें थक्क होऊन त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. वीस वर्षांच्या त्या मुलीचें नांव देशभर झालें. ब्राह्मसमाजाचे पुढारी केशवचंद्र सेन ह्यांनीं त्यांस वेद वाचण्याचा आग्रह केला. आजवर स्त्रीनें वेद वाचूं नये असें शिकलेल्या रमाबाई वेद व धर्मशास्त्रें स्वतः वाचूं लागल्या. वाचतां वाचतां त्यांस असें आढळलें कीं, हे ग्रंथ अनेक बाबतींत एकमेकांशीं जुळत नाहींत, परंतु स्त्री व शूद्र हीं हीन आहेत ह्या एका गोष्टींत त्यांचें एकमत आहे, आणि त्या दोघांस ह्याच जन्मीं मोक्षाचें दार मोकळें नाहीं. इतकी विद्या, इतकें तप, आणि शेवटीं दार बंद! आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या आजापणजांस देवळाच्या पायरीखालीं उभें राहावें लागलें आहे. बंद दारापुढें उभें राहणें म्हणजे काय, हें त्यांना समजावून सांगावयास नको.

१८८० सालीं श्रीनिवासशास्त्री ढाक्यास वारले. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी नांवाच्या बंगाली वकिलाशीं सरकारी नोंदणीनें विवाह केला. मेधावी हे शूद्र गणल्या गेलेल्या जातीचे होते. तीं उभयतां आसामांत सिल्चर येथें राहूं लागलीं. तेथें एके दिवशीं घरांतील पुस्तकांत रमाबाईंच्या हातीं बंगाली भाषेंतलें एक लहान पुस्तक लागलें. तें लूककृत शुभवर्तमान होतें. ज्या पुस्तकांत छाती बडवून घेणारा जकातदार परूश्याआधीं नीतिमान ठरून घरीं जातो, आणि वधस्तंभावरचा चोर त्याच दिवशीं सुखलोकांत जातो, तेंच हें पुस्तक. त्यांस तें आवडलें. परंतु त्याचें मर्म त्या वेळीं त्यांच्या मनांत उतरलें नाहीं. १८८१ च्या एप्रिलांत कन्या मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत मेधावी पटकीनें वारले. चोविसाव्या वर्षीं रमाबाई विधवा झाल्या.

त्याच वर्षीं त्या पुण्यास आल्या. आपल्या पूर्वजांची मराठी भाषा बोलणाऱ्या लोकांत त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हें पुस्तक लिहिलें आणि हंटरसाहेबांच्या शिक्षण कमिशनापुढें स्त्रीशिक्षणाविषयीं साक्ष दिली. पुण्यांतच त्यांचा मराठी नव्या कराराचा अभ्यास सुरू झाला, आणि नीळकंठशास्त्री गोऱ्हे, जे ख्रिस्ती झाल्यावर नहेम्या गोऱ्हे म्हणून ओळखले जात, त्यांच्याशीं त्यांचा परिचय झाला. १८८३ सालीं वैद्यकी शिकावी ह्या हेतूनें त्या लहान मनोरमेसह विलायतेस गेल्या, आणि वाँटेज येथील भगिनीमठांत उतरल्या. कानांनीं कमी ऐकूं येत असल्यामुळें वैद्यकीचा बेत राहिला. पण देवाचा बेत निराळाच होता.

लंडनजवळ फुलहॅम येथें त्या भगिनींचें एक आश्रयगृह होतें. ज्या स्त्रियांस समाजानें पतित म्हणून टाकिलें होतें, त्यांस तेथें आईच्या मायेनें वागविलें जात होतें. असें कोणी कां करावें, हें रमाबाईंस कळेना. तेव्हां एका भगिनीनें त्यांस योहानाच्या शुभवर्तमानांतून विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. पतितेपाशीं बसून तिच्याजवळ पाणी मागणारा प्रभु त्यांस तेथें दिसला. आपल्या देशांतील स्त्रीस वर उचलणारा हाच, अशी त्यांची खात्री झाली, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

पुष्कळ चरित्रें येथें संपतात. बाप्तिस्मा झाला, म्हणजे पैलतीर गांठलें, असें समजण्याची आम्हां सर्वांस सवय आहे. रमाबाईंची खरी गोष्ट मात्र ह्यापुढेंच आहे. १८८४ पासून दोन वर्षें त्यांनीं चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयांत अध्ययन व अध्यापन केलें. १८८६ सालीं त्या अमेरिकेस गेल्या. तेथें डॉक्टर आनंदीबाई जोशी ह्यांचा पदवीदान समारंभ त्यांनीं पाहिला. उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर त्यांनीं इंग्रजीत लिहिलेलें पुस्तक १८८७ सालीं निघालें, आणि हिंदी विधवांच्या शिक्षणासाठीं तेथील लोकांनीं साह्य देऊं केलें. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत चौपाटीवर शारदासदन उघडलें. त्याची पहिली विद्यार्थिनी गोदूबाई ही पुढें महर्षि कर्वे ह्यांची पत्नी आनंदीबाई झाली. १८९० च्या अखेरीस तें सदन पुण्यास आलें.

आतां पाहा, रमाबाईंजवळ काय नव्हतें? विद्या होती, कीर्ति होती, बाप्तिस्मा होता, प्रार्थनेचा नेम होता, आणि विधवांच्या सेवेसारखें निर्मळ कार्य होतें. तरीही अंतर्यामीं एक उणीव त्यांना बोंचत होती. ती त्यांनीं पुढें आपल्या साक्षींत उघडपणें लिहून ठेविली. आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला, पण ख्रिस्त सांपडला नाहीं, अशा आशयाची ती कबुली आहे. पूर्वीं पुराण वाचून पुण्य जोडीत; आतां शास्त्र वाचून, विधि पाळून व सेवा करून तेंच करणें चाललें होतें. दप्तर बदललें होतें. हिशेबाची रीत तीच होती.

बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं, म्हणजे १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅसलम ह्या इंग्रज पाळकाचें आत्मवृत्त त्यांच्या वाचनांत आलें. हा पाळक इंग्लंडच्या कॉर्नवॉल प्रांतांत वर्षानुवर्षें उपदेश करीत होता, देऊळ बांधीत होता, विधि चालवीत होता. परंतु आपण स्वतः ख्रिस्ताचे झालों नाहीं, हें त्यास कळून चुकलें, आणि १८५१ सालीं व्यासपीठावर उभा राहून उपदेश करीत असतांनाच त्याचें अंतःकरण पालटलें. उपदेशक बंधूंनों, ही गोष्ट आपण थांबून मनांत घ्यावी. दुसऱ्यांस भाकरी वांटणारा स्वतः उपाशी राहूं शकतो. मार्टिन ल्यूथर मठांत कडक उपासतापास करीत होता, आणि जॉन वेस्ली दीक्षित पाळक होऊन मिशनरी म्हणून समुद्रापलीकडेही जाऊन आला होता. तरी त्या दोघांसही रोमकरांस लिहिलेल्या पत्रांतील विश्वासाच्या नीतिमत्त्वाची वाट मागाहून उमगली. वेस्लीस ती १८३८ च्या शंभर वर्षें आधीं, १७३८ सालीं, लंडनांत एका प्रार्थनासभेंत ल्यूथराचेंच लिखाण वाचलें जात असतां उमगली.

रमाबाई हॅसलमचें पुस्तक मिटून शास्त्राकडे वळल्या. तेथें त्यांस दिसलें कीं, ज्या दारापुढें त्या जन्मभर झटत होत्या तें दार ख्रिस्तानें केव्हांच उघडलेलें आहे. त्यानें आमचें पाप आपल्या अंगावर घेतलें आणि आपलें नीतिमत्त्व आम्हांस दिलें. अब्राहामानें देवाच्या वचनावर भरंवसा ठेविला, आणि तोच त्याच्या जमेस नीतिमत्त्व म्हणून धरण्यांत आला; त्या वेळीं नियमशास्त्र दिलेलें नव्हतें, आणि त्याची सुंताही झालेली नव्हती. तसेंच येथें. जात नको, जानवें नको, पुरुषजन्म नको, विद्येची पदवी नको, यात्रेची पायपीट नको. बाप्तिस्मा व प्रभुभोजन हीं मोलाचीं, पण तीं ह्या दानाचीं चिन्हें आहेत. त्या दानाची किंमत नव्हत. हिंदुस्थानांत जन्मलेल्या एका विधवेसही हें तारण फुकट आहे, ह्या विचारानें त्यांचें मन भरून आलें. त्यांनीं आपली योग्यता पुढें करण्याचें सोडिलें, आपण पापी आहों असें कबूल केलें, आणि जसें भिकारी दान घेतो तसें तें नीतिमत्त्व घेतलें. आईबापांनीं साऱ्या भरतखंडांत जें शोधिलें होतें, तें त्यांस पुण्यांत, गुडघ्यांवर मिळालें.

ह्या शांतीची परीक्षा लवकरच झाली. रमाबाई आपली प्रार्थना खोलीचें दार उघडें ठेवून करीत. सदनांतल्या कांहीं मुली आपण होऊन तेथें येऊन बसूं लागल्या. सदनांत धर्माच्या बाबतींत तटस्थता राखली जाईल असें ठरलेलें होतें, आणि ती मोडली असें सल्लागार मंडळींतील रानडे, भांडारकर ह्यांसारख्या सज्जनांस वाटलें. १८९३ सालीं त्यांनीं राजीनामे दिले आणि सुमारें पंचवीस मुली त्यांच्या पालकांनीं काढून नेल्या. रमाबाईंनीं मुलींवर सक्ति केली नाहीं, पण त्यांच्या भीतीनें दारही लावून घेतलें नाहीं. पूर्वींच्या रमाबाई लोकांच्या मानावर जगत होत्या. आतां जो मान देवानें दिला तो पुरेसा होता.

विश्वासानें नीतिमान ठरलों तर मग सत्कृत्यें कशाला, असें कोणी विचारील तर त्यास केडगांवची वाट दाखवावी. १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत घोर दुष्काळ पडला. रमाबाईंस आपल्या मुलपणचा दुष्काळ आठवला, आईची तिरडी आठवली. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारें तीनशें मुली व स्त्रिया घेऊन आल्या. कोणी हाडांचे सांपळे, कोणी रोगानें भरलेल्या, कोणी दुष्टांच्या हातून सोडविलेल्या. पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें त्यांनीं शेतजमीन घेतलेली होती. तेथें १८९८ सालीं मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० सालीं गुजराथेंत दुष्काळ पडला तेव्हां आणखी शेंकडों मुली आल्या आणि सदनाची संख्या दीड हजारांच्या वर गेली. शाळा, शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, आंधळ्यांसाठीं बर्तीमी सदन, पतित स्त्रियांसाठीं कृपासदन, असें एक गांवच वसलें. फुलहॅमला त्यांनीं जें पाहिलें होतें तें आतां आपल्या मातींत उगवलें. देव आपणांस जवळ करील म्हणून हें त्यांनीं केलें नाहीं. त्यानें जवळ केलें म्हणून केलें. ज्वारीच्या ताटास बाहेरून कणीस बांधून तें ताट जिवंत होत नाहीं. मूळ जिवंत असलें म्हणजे कणीस आपोआप धरतें.

आयुष्याच्या शेवटल्या वर्षांत त्यांनीं एक मोठें काम हातीं घेतलें. थोडें शिकलेल्या खेड्यांतल्या बाईसही समजेल अशा सोप्या मराठींत सबंध पवित्र शास्त्र उतरवावें, म्हणून त्या इब्री व ग्रीक भाषा शिकल्या. भाषांतर त्यांचें, आणि खिळे जुळवून छापण्याचें काम मुक्तींतल्या स्त्रियांचें. ज्या स्त्रीस एके काळीं वेद वाचूं नये असें शिकविलें होतें, तिनें देवाचें वचन साऱ्यांच्या हातीं देण्यासाठीं आपले डोळे झिजविले. कन्या मनोरमा ही त्यांचा उजवा हात होती. तिनें गुलबर्ग्याची शाळाही चालविली, आणि तें गांव त्या काळीं आपल्या ह्या मुलुखाप्रमाणेंच निजामाच्या राज्यांत होतें. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमा आईच्या आधीं वारली. पुढें नऊ महिन्यांच्या आंत, ५ एप्रिल १९२२ रोजीं, रमाबाईही प्रभूकडे गेल्या. त्यांचें सबंध शास्त्र १९२४ सालीं छापून निघालें. केडगांवचें मुक्ति मिशन आजही निराधार स्त्रियांची सेवा करीत आहे.

प्रिय बंधुभगिनींनों, ह्या चरित्रांतून आपणांस दोन ठिकाणीं जपून राहावयाचें आहे. आपल्या वाडवडिलांनीं बाप्तिस्मा घेतला, मंडळीच्या वहींत आपलें नांव आहे, एवढ्यावर जो निजला आहे, त्यानें रमाबाईंचीं तीं आठ वर्षें आठवावीं. आणि जो आपल्या उण्या सेवेची मोजदाद करून झुरत आहे, त्यानें १८९१ सालचा त्यांचा आनंद आठवावा. पहिल्यानें विचारावें कीं, ख्रिस्त आपला झाला आहे काय. दुसऱ्यानें ऐकावें कीं, तो देण्यास उभा आहे. उपदेशक बंधूंस आमची विशेष विनंति आहे कीं, दुखणेकऱ्याच्या खाटेपाशीं त्याच्या पुण्याचा हिशेब काढूं नये. आम्हीं तो काढून पाहिला, आणि त्यानें एका भल्या जिवास रात्रभर टोंचणी मात्र लागली.

पडेगांवच्या त्या भगिनीस हें चरित्र सांगून झाल्यावर आम्हीं तिला लूककृत शुभवर्तमानांतील चोराची गोष्ट वाचून दाखविली. रमाबाईंस सिल्चर येथें सांपडलें तेंच हें पुस्तक, असेंही सांगितलें. त्या चोराचे दोन्ही हात खिळलेले होते. दान देण्यास ते हलूं शकत नव्हते, सेवेस उपयोगी नव्हते, जोडतांही येत नव्हते. त्यास फक्त प्रभूकडे वळून मागतां आलें, आणि तेवढ्यानें झालें. तिनें तो भाग पुन्हां वाचावयास सांगितला. मग बराच वेळ ती गप्प राहिली.

ती अद्यापि अंथरुणावरच आहे. आम्ही जातों तेव्हां आतां ती आपल्या उणिवा मोजीत नाहीं. प्रार्थनेस आरंभ तीच करिते, आणि तिच्या प्रार्थनेंतला पहिला शब्द उपकारस्तुतीचा असतो. हेंच दान प्रभु आपणां सर्वांस देवो. आमेन.